मांजर रोडावते तेव्हा

मांजर घराचे असते, माणसांचे नसते, असा एक जुना समज आहे. या समजामुळे त्या प्राण्याच्या अलिप्तपणाचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. एखाद्या दिवशी ते हाक मारली तरी येत नाही, पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊन बसते, बशीतले अन्न नुसते हुंगून तोंड फिरवते; आणि घरची मंडळी म्हणतात, ‘रुसले असेल, येईल आपण होऊन.’ असे चार दिवस जातात. मग कोणीतरी त्याला सहज उचलून घेते, तो हाताला बरगड्या लागतात. ज्याला रुसवा म्हटले ते दुखणे होते, हे तेव्हा ध्यानात येते. आणि मांजराच्या बाबतीत चार दिवस हा काही थोडा काळ नव्हे.

मांजर आपले दुखणे इतके लपविते, याचे कारण त्याच्या पूर्वजांत शोधावे लागते. आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर हा पाळीव मांजराचा पूर्वज होय. हा प्राणी उंदीर-पाखरांची शिकार करतो, पण मोठ्या श्वापदांचे तो स्वतःच भक्ष्य होतो. शिवाय तो एकटा राहणारा. आजारपणात त्याला कळपाचा आधार नाही. अशा प्राण्याने दुर्बलता दाखविणे म्हणजे शत्रूला बोलावणेच होय. माणसाच्या धान्यकोठारांच्या आश्रयाला येऊन हजारो वर्षे लोटली, तरी मांजराची ही सवय सुटलेली नाही. दुखणाइत कुत्रे विव्हळते, मालकाजवळ येते. दुखणाइत मांजर आडोसा शोधते.

म्हणून त्याची खूण बारकाईने पाहावी लागते. अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचा नेम मोडला की केस राठ आणि गुंतलेले दिसतात. उंच जागी उडी मारणे थांबते. झोप वाढते. २०१९ साली कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी मांजराच्या मुद्रेवरून वेदना ओळखण्याची एक पद्धती प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, मुस्कटाचा ताण, मिशांची ठेवण आणि डोक्याची पातळी अशा पाच गोष्टी तीत पाहतात. कान बाजूला कललेले, डोळे अर्धवट मिटलेले आणि डोके खांद्यांच्या खाली उतरलेले, अशी मुद्रा वेदनेची असते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या म्हणीत आहे. परंतु डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसलेले प्रत्येक मांजर सुखात आहे असे धरून चालू नये. त्याच्या घुरघुरण्यावरही विसंबता येत नाही, कारण वेदनेत असलेली मांजरेही घुरघुरतात.

मुद्रा वाचण्यात चूक होईल, पण वजनात होणार नाही. दाट केसांखाली रोडपणा सहज झाकला जातो. पोट तर कधी कधी आजारानेच फुगलेले असते. चार किलो वजनाच्या मांजराचे चारशे ग्रॅम वजन घटले, तर नजरेला फारसे काही जाणवत नाही. परंतु साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वजन कारणावाचून उतरावे, तसाच हा प्रकार होय. वजन करणे अवघड नाही. टोपलीत बसवून घरच्या काट्यावर ठेवले तरी चालते. लहान काटा नसेल, तर मांजराला घेऊन माणसाच्या काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन त्यातून वजा करावे.

मांजर रोडावले आहे असे ठरल्यावर पहिला प्रश्न हा, की ते खाते किंवा नाही.

खाते, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक खाते आणि तरीही झिजते, असे पुष्कळदा आढळते. उतारवयातील मांजरात याचे एक नेहमीचे कारण म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक. १९७९ साली हा विकार अमेरिकेत प्रथम नीट ओळखण्यात आला. या मांजराची भूक भडकते, छातीची धडधड वाढते, ते बहुधा बेचैन असते. तथापि काही मांजरे याच विकारात निपचित पडतात. मधुमेह झालेले मांजरही खाऊन रोडावते. त्याची तहान व लघवी फार वाढते. पिलांच्या बाबतीत प्रथम जंतांचा संशय घ्यावा. पिसवांचा उपद्रव असेल, तर अंग चाटताना पिसू पोटात जाते आणि तिच्याबरोबर पट्टकृमीही जातो. आतड्याचा जुना दाह किंवा कर्करोग असला, तर खाल्लेले अंगी लागत नाही.

दुसरा प्रकार असा, की मांजराला खावयाचे असते पण खाता येत नाही. ते बशीशी येते, एक घास घेते, डोके झटकते आणि दूर होते. अशा वेळी दाढा किडलेल्या असतात किंवा हिरड्या सुजून लाल झालेल्या असतात. सर्दीने नाक चोंदले तरी हेच होते, कारण वास आल्यावाचून मांजर अन्नाला तोंड लावीत नाही.

तिसरा प्रकार अधिक चिंतेचा. येथे खाण्याची इच्छाच नाहीशी होते. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाचा क्षय हे याचे फार मोठे कारण आहे. मूत्रपिंडाची सुमारे दोन-तृतीयांश शक्ती संपेपर्यंत मांजर वरकरणी बरेच दिसते. केवळ पाणी अधिक पिऊ लागते. काही रोग विषाणूंचे आहेत. मांजरातील रक्तकर्काचा विषाणू १९६४ साली ग्लासगो येथे विल्यम जॅरेट यांनी शोधला. रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा दुसरा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला. तरुण मांजरांना होणारा पोटातील आवरणाचा सांसर्गिक दाह तर दीर्घकाळ असाध्य मानला जाई. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीएस-४४१५२४ या औषधाने बहुतेक मांजरे वाचली. पूर्वी जेथे आशा सोडावी लागे, तेथे आता निदानाला अर्थ आला आहे.

आपल्याकडील अनेक घरांत आणखी एका कारणाचा विचार केला पाहिजे. ते म्हणजे दूधभात. मांजर हा केवळ मांसावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचे पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि धान्यात ते नसते. त्याच्या अभावी दृष्टिपटल नासते, हे १९७५ साली दिसून आले. हृदयाचे स्नायू दुबळे पडतात, हे १९८७ साली सिद्ध झाले. वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दूधही पचत नाही, त्याने जुलाब होतात. घर शाकाहारी असणे हा दोष नव्हे. परंतु उंदीर-पाली मारून आपली गरज भागविणारे मांजर जेव्हा चौथ्या मजल्यावरील बंद घरात राहू लागते, तेव्हा मासळी, अंडी, मांस किंवा मांजरांसाठी तयार केलेले पूर्ण अन्न त्याला कोणीतरी द्यावेच लागते.

मग मांजराला खरोखरीचे दुःख होतच नाही काय? होते. घर बदलणे, सोबतीच्या प्राण्याचा मृत्यू, घरातील माणूस दूर जाणे, नव्या मांजराचे आगमन, यांनी मांजर खिन्न होते आणि खाणे कमी करते. मात्र हे निदान सर्वांत शेवटी करावयाचे असते. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा नव्वद मांजरांत सांध्यांच्या झिजेची चिन्हे मिळाली. ‘म्हातारपणाने उदास झाले’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांपैकी कित्येकांचे गुडघे आणि कंबर दुखत असेल.

वाट पाहणे मांजराला का सोसत नाही, याला एक शारीरिक कारण आहे. उपाशी शरीर साठविलेली चरबी यकृताकडे धाडते. मांजराच्या यकृताला हा लोंढा आवरत नाही. ते चरबीने भरून निकामी होऊ लागते, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक, आणि दोन-तीन दिवसांच्या उपवासानेही त्याची सुरुवात होऊ शकते. मूळ कारण क्षुल्लक असले तरी उपवासच जिवावर उठतो. म्हणून पूर्ण एक दिवस अन्न न घेतलेले मांजर पशुवैद्याकडे न्यावे. पिलाच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये. बोका वारंवार लघवीला बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याला त्याच तासाला हलवावे.

तोवर अन्न किंचित कोमट करून द्यावे म्हणजे वास सुटतो. बशी निवांत जागी ठेवावी. तोंड उघडून बळेच भरवू नये. माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. ताप उतरविणारी पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. पशुवैद्याकडे जाताना वजन, तहान, लघवी, ओकारी आणि शेवटचे खाणे केव्हा झाले, एवढ्या गोष्टी सांगता आल्या, तर निम्मे काम होते.

महिन्यातून एकदा मांजराचे वजन करून दिनदर्शिकेवर टिपून ठेवावे. मांजर आपली व्यथा सांगणार नाही. पण त्या आकड्यांवरून ती वेळेवर कळू शकेल.