रॉ एअर : जिथे प्रत्येक उडी मोजली जाते

गेल्या वर्षी इंटर-हाऊस जलतरण स्पर्धेत मी पाच मीटरच्या बोर्डवर चढले आणि सगळ्या हाऊससमोर शिडीनेच खाली उतरले. कोणी हसले नाही. पण मागून कोणीतरी अगदी सहानुभूतीने म्हणाले, "मुलींना तीन मीटरचाच बोर्ड ठेवायला हवा." हसले असते तर मी विसरले असते. हे वाक्य मात्र विसरता आले नाही. सैनिकी शाळांत मुलींना प्रवेश मिळू लागला, त्या पहिल्या तुकडीतली मी. आमच्यापैकी एक जण मागे फिरली की सगळ्याच मागे फिरल्या असे धरले जाते.

त्यानंतर लायब्ररीत उंचावरून उडी मारणाऱ्या माणसांविषयी मिळेल ते वाचत गेले आणि स्की जंपिंगपाशी पोहोचले. आपल्याकडे हा खेळ जवळजवळ कोणी पाहत नाही, म्हणून तो समजावून सांगते. सुरुवातच आपल्याला जवळची आहे. या खेळातली पहिली नोंदलेली उडी एका सैनिकाची मानली जाते. 1808 साली ओलाफ राय या लेफ्टनंटने नॉर्वेत आपल्या जवानांसमोर 9.5 मीटरची उडी मारली.

आजचा खेळाडू बर्फाच्या उंच उतारावरून ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाने घसरत येतो. उताराच्या टोकाला तो पायांनी जोर देऊन हवेत झेपावतो आणि अंग पुढे झुकवून स्की इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या फाकवतो. त्यामुळे खालून येणारी हवा त्याला उचलून धरते. ही पद्धत स्वीडनच्या यान बोक्लोव्हने 1980च्या दशकात आणली. तेव्हा परीक्षक त्याचे गुण कापत. पुढे सगळ्यांनीच ती उचलली.

इतक्या दूर पडून पाय कसे मोडत नाहीत? उत्तर आपल्या फिजिक्सच्या पुस्तकात आहे. पाच मीटरवरून सरळ खाली पडल्यास पाण्याशी वेग ताशी सुमारे 36 किलोमीटर होतो आणि तो सगळा पाण्याच्या पृष्ठभागावर काटकोनात आदळतो. स्की जंपर सपाट जमिनीवर उतरत नाही. खालची टेकडीही त्याच्या मार्गासारखीच तिरकी असते. तो जमिनीपासून फार उंच जातच नाही, उतारालगत तरंगत जातो. त्यामुळे वेग प्रचंड असला तरी धक्का त्यातल्या लहानशा भागाचाच बसतो. धोका असतो तो उतार संपून जमीन सपाट होऊ लागते तिथे. त्याच्याही पुढे कोणी जाऊ नये म्हणून परीक्षक घसरण्याची जागा खाली आणून वेग कमी करतात.

आता गुण. प्रत्येक टेकडीवर एक ठरलेली रेषा असते. ऑस्लोच्या होल्मेनकोलेन टेकडीवर ती 120 मीटरवर आहे. तिथे पोहोचल्यास 60 गुण, आणि पुढच्या प्रत्येक मीटरला 1.8. समजा एखादी 130 मीटर गेली, तर 60 अधिक 18, म्हणजे 78. शिवाय पाच परीक्षक प्रत्येकी 20 पैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. उतरताना एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले अशी 'टेलिमार्क' मुद्रा हवी, नाहीतर गुण जातात. समोरून वारा असेल तर तो उचलून धरतो, म्हणून गुण वजा होतात. पाठीमागून असेल तर मिळतात.

नॉर्वेतली 'रॉ एअर' स्पर्धा हाच हिशोब एका टेकडीवर संपवत नाही. 2017 साली ती पुरुषांसाठी सुरू झाली. ऑस्लो, लिलेहामर, ट्रॉन्डहाइम आणि विकेरसुंड अशी चार ठिकाणे आणि सलग दहा दिवस. इतरत्र सहसा पात्रता फेरी फक्त आत जाण्यापुरती असते, इथे तिचेही गुण धरले. सांघिक स्पर्धेतल्या उड्याही वैयक्तिक बेरजेत धरल्या. शेवट विकेरसुंडला. तिथली टेकडी इतकी मोठी आहे की त्या प्रकाराला स्की फ्लाइंग म्हणतात, आणि रेषाच 200 मीटरवर आहे.

पहिल्याच वर्षी काय झाले पाहा. जर्मनीचा आंद्रेआस वेलिंगर शेवटच्या उडीपर्यंत आघाडीवर होता. ती एक उडी 166 मीटरवरच संपली आणि ऑस्ट्रियाचा स्टेफान क्राफ्ट विजेता ठरला. त्याच क्राफ्टने आदल्या दिवशी तिथे 253.5 मीटरचा तेव्हाचा विश्वविक्रम केला होता. पण स्पर्धा त्या एका उडीने जिंकली नाही. ती सगळ्या उड्यांच्या बेरजेने जिंकली.

महिलांची रॉ एअर 2019 मध्ये सुरू झाली, पण विकेरसुंड वगळून. हे नवे नव्हते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे स्की जंपिंग 1924 पासून आहे, महिलांचे 2014 पासून, म्हणजे नव्वद वर्षांनी. 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी हा खेळ वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांना योग्य दिसत नाही, असे म्हटले होते. 2010च्या व्हँकूवर ऑलिंपिकआधी महिला खेळाडू कॅनडाच्या न्यायालयात गेल्या. न्यायाधीशांनी भेदभाव झाल्याचे मान्य केले, पण ऑलिंपिक समितीला भाग पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही असे सांगितले. आणि गंमत अशी की त्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लहान टेकडीवरचा विक्रम तेव्हा लिंडसे व्हॅन या अमेरिकन मुलीच्या नावावर होता, पुरुष धरूनसुद्धा!

महिलांची पहिली रॉ एअर जिंकणारी नॉर्वेची मारेन लुंडबी मोठ्या टेकडीसाठी सतत बोलत राहिली. शेवटी 19 मार्च 2023 रोजी विकेरसुंडला महिलांची पहिली स्की फ्लाइंग स्पर्धा झाली. स्लोव्हेनियाच्या एमा क्लिनेत्सने 226 मीटर उडी मारून ती जिंकली. दोनच वर्षांनी तिच्याच देशाच्या निका प्रेव्हत्सने तिथेच 236 मीटर गाठले. टेकडी तीच होती. फक्त वर जायची परवानगी मिळाली होती.

हे वाचून भीती गेली असे मी लिहिणार नाही. या वर्षी पुन्हा पाच मीटरवर उभी राहिले तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या. खालून उस्ताद म्हणाले, "नीचे मत देख, सामने देख." मी समोरचे सिल्व्हर ओकचे झाड पाहिले आणि पाय उचलला. पाण्यात शिरताना पाय फाकले, मांड्या लाल झाल्या, गुण जेमतेम मिळाले. मी आठवी आले. पण आठव्या क्रमांकाचाही एक गुण हाऊसच्या वर्षभराच्या बेरजेत धरतात. तो फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा मी ओल्या केसांनीच तिथे उभी होते.

आता सहावीतल्या मुली मला विचारतात, "दीदी, आमच्यासाठी छोटा बोर्ड असेल ना?" मी त्यांना सांगते, तीन मीटरवर सराव जरूर करा, तो सगळेच करतात. पण स्पर्धेत आपल्यासाठी वेगळा बोर्ड मागू नका. एकदा शिडीने उतरावे लागले तरी चालेल. वर्ष मोठे असते, आणि प्रत्येक उडी मोजली जाते.