विषाणू सापडत नाही, मग गोळी कशाला?

‘रक्तात विषाणू आढळला नाही’ असा रिपोर्ट हाती आला की एच.आय.व्ही.चा रुग्ण हमखास विचारतो, ‘‘डॉक्टर, आता गोळ्या बंद करू का?’’ उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते नाही म्हणून भागत नाही, कारण सांगावे लागते.

सर्दीचा विषाणू येतो आणि जातो. हा जात नाही. तो सी.डी.-४ जातीच्या पांढऱ्या पेशीत शिरतो, आपल्या आर.एन.ए.पासून डी.एन.ए.ची प्रत तयार करतो आणि इंटिग्रेज या विकराच्या साह्याने ती आपल्या ४६ गुणसूत्रांपैकी एखाद्यात जोडून टाकतो. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसेच हे. मूळ दप्तरात नोंद झाली की पुढच्या प्रत्येक उताऱ्यावर ती येणारच. त्या पेशीच्या दोन पेशी झाल्या की दोन्हींत ती असते.

आता परगावच्या माणसाला दप्तरातले नेमके पान कसे सापडते? आतला माणूस फितूर झाल्याशिवाय नाही! इथे फितूर होतात आपलीच प्रथिने. सीपीएसएफ-६ हे प्रथिन विषाणूला केंद्रकात खोलवर नेते. दुसरे एलईडीजीएफ, एका हाताने ते गुणसूत्र धरते, दुसऱ्या हाताने इंटिग्रेज, आणि जिथे जनुकांचे काम जोरात चालू आहे तिथेच विषाणूला बसवते. बेल्जियममधील ल्यूवेनच्या शास्त्रज्ञांनी ही जोडी २००३ मध्ये दाखवली. प्रयोगशाळेत हे प्रथिन काढून टाकले, तर जोडणी बरीच घटते आणि जागाही बदलतात. जागेला महत्त्व आहेच. औषधाविना विषाणू काबूत ठेवणारी थोडी माणसे असतात; त्यांच्यापैकी अनेकांत विषाणू बागायतीऐवजी पडीक रानात, म्हणजे गुणसूत्राच्या निद्रिस्त भागात बसलेला २०२० मध्ये आढळला.

पुण्याला भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली, तेव्हा डॉक्टरांजवळ धीराखेरीज देण्यासारखे फारसे नव्हते. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली. आजच्या गोळीतले डोल्युटेग्राव्हिर इंटिग्रेजचाच हात धरते, नवा बोजा चढू देत नाही. आधीचा मात्र तिला उतरवता येत नाही. तपासणीत मोजतात तो रक्तात फिरणारा विषाणू. पेशीत झोपलेला त्यात दिसत नाही. गोळी थांबली की बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा उठतो.

ऊसतोडीला परजिल्ह्यात जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात तसे सांगून पुरेशा गोळ्या घ्याव्यात आणि आपले उपचारपुस्तक सोबत ठेवावे.