राहत्या घरातील वायरिंग बदलताना मधले दिवस सर्वाधिक धोक्याचे

जुन्या इमारतींमधील वायरिंग काही दिवे, पंखे आणि रेडिओ एवढाच भार गृहीत धरून केलेले असते. आज त्याच तारांवर गिझर, वातानुकूलन यंत्र आणि मिक्सर चालतात. लाकडी पट्टीवरील ॲल्युमिनियमच्या तारांचे जोड कालांतराने सैल होऊन तापतात व आवरण ठिसूळ बनते. अशा वेळी वायरिंग बदलणे अटळ ठरते. मात्र त्यासाठी बिऱ्हाड हलवणे सर्वांनाच शक्य नसते. त्यामुळे हे काम अनेकदा माणसे घरात राहत असतानाच करावे लागते.

अर्धे वायरिंग जुने आणि अर्धे नवे असते, त्या दिवसांत कोणती तार जिवंत आहे याविषयी गैरसमज होण्याची शक्यता अधिक असते. इन्व्हर्टर असलेल्या घरांत हा धोका विशेष वाढतो. मेन स्विच बंद केल्यानंतरही इन्व्हर्टरवरील दिवे-पंख्यांच्या तारांत २३० व्होल्टचा प्रवाह सुरूच राहतो. म्हणून मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करून त्याची जोडणी सोडवावी लागते. तारेला हात लावण्यापूर्वी टेस्टर चालू सॉकेटवर तपासून घेणे आणि नंतरच त्या तारेवर लावणे, हा क्रम चुकवता येत नाही.

कामाची आखणी सर्किटनिहाय करणे सोयीचे असते. प्रथम जुन्या फलकाशेजारी नवा वितरण फलक बसवला जातो आणि एकेक खोली त्यावर घेतली जाते. ज्या खोलीत भिंत फोडायची, ती त्या दिवसापुरती रिकामी ठेवावी. फ्रिज, पाण्याचा पंप आणि रुग्णाची उपकरणे यांसाठी एक स्वतंत्र सर्किट आधी पूर्ण केल्यास कुटुंबाची गैरसोय कमी होते. भिंत फोडणे टाळायचे असल्यास केसिंग-कॅपिंगचा पर्याय आहे. त्यात धूळ कमी होते.

दिवे-पंख्यांसाठी सामान्यतः १.५ चौरस मिलिमीटर, तर गिझर व वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरतात. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी अर्थिंगची तार पोहोचली पाहिजे. न्यूट्रलचा वापर अर्थिंग म्हणून करणे जिवावर बेतू शकते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडते. मात्र जुन्या व नव्या सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले, तर ती वारंवार पडते. अशा वेळी ती काढून टाकण्याचा मोह घातक आहे. चूक शोधणे हाच उपाय होय.

सायंकाळी पुरवठा पूर्ववत करण्यापूर्वी उघडी टोके बंदिस्त केली आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. लहान मुले असलेल्या घरात उघडा स्विचबोर्ड एका रात्रीपुरताही ठेवता कामा नये. नव्या सर्किटची ५०० व्होल्टच्या मेगरने चाचणी घेतात. आवरणाचा रोध किमान १ मेगाओहम असावा. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा.

गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीतील पाइपांची छायाचित्रे काढून ठेवणेही हिताचे ठरते. पुढे खिळा ठोकताना तार नेमकी कुठून गेली आहे, हे त्यांवरूनच कळते.