मांसाविना सॉसेज: नाव कशाला द्यायचं?

गेल्या वेळी आपण न्यायशास्त्रातलं 'लक्षण' पाहिलं. वस्तूचं लक्षण करताना अव्याप्ती नको, अतिव्याप्तीही नको. जाताना एकाने विचारलं, "सर, याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" म्हणून आज उदाहरण सॉसेजचं घेतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाचे हाल होते. कोलोन शहराच्या अन्नपुरवठ्याची जबाबदारी कोनराड आडेनाउअर यांच्याकडे होती. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. त्यांनी मांसाऐवजी सोयाचं पीठ घालून सॉसेज तयार केलं. जर्मनीत त्याला पेटंट मिळालं नाही. कारण काय? मांस नाही, तर नियमाप्रमाणे ते सॉसेजच नाही! गंमत बघा, जून १९१८ मध्ये पेटंट दिलं ते ब्रिटनने, म्हणजे शत्रूने.

आता 'ज्यात मांस ते सॉसेज' हे लक्षण तपासू. खिम्यातही मांस असतं, पण तो सॉसेज नव्हे. ही अतिव्याप्ती. वेल्समधलं ग्लॅमॉर्गन सॉसेज चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचं असतं. ते या लक्षणात बसत नाही. ही अव्याप्ती. आणि मूळ लॅटिन शब्द मिठाशी जोडलेला आहे, मांसाशी नव्हे.

मग मांस तिथे करतं काय? मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात, चरबी आणि पाणी धरून ठेवतात, आणि शिजल्यावर घट्ट होतात. सॉसेजची सुरी लावल्यावर जी चकती पडते ती त्यामुळे. सोया, वाटाणा, गव्हातलं ग्लुटेन यांना हे एकट्याने नीट जमत नाही. म्हणून बरेचदा मिथाइलसेल्युलोज घालतात. ते तापल्यावर घट्ट होतं आणि निवल्यावर पुन्हा सैल पडतं. असं सॉसेज गरम गरमच बरं लागतं, ते यामुळे.

म्हणजे द्रव्य बदललं, कार्य बरंचसं तेच राहिलं. अशा वेळी भाषा काय करते? आपण 'नारळाचं दूध' म्हणतो, 'उपवासाचा डोसा' म्हणतो. कुणी फसतं का? नाही, कारण विशेषण पुढे उभं आहे. युरोपीय न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये, फ्रान्सच्या प्रकरणात, साधारण हेच धरलं: पदार्थाचं कायदेशीर नाव ठरवलेलं नसेल, तर वनस्पतिजन्य पदार्थांना असे रूढ शब्द वापरायला सरसकट बंदी घालता येत नाही.

पण थांबा, यावरून द्रव्य गौण ठरत नाही. सोयाची अॅलर्जी असलेल्याला, ग्लुटेन न चालणाऱ्याला, मांस वर्ज्य असलेल्याला 'आत काय आहे' हाच पहिला प्रश्न असतो. प्राण्याच्या बाजूने पाहिलं, तर तो जिवाचाच प्रश्न आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच: नाम रूपाला आणि कार्याला द्या, पण द्रव्य सांगणारं विशेषण मोठ्या अक्षरात छापा. विशेषण लपवलं तर ती फसवणूक. आणि नामच नाकारलं, तर कोलोनच्या भुकेल्या माणसापुढे व्याख्या वाढल्यासारखं होईल. व्याख्येने पोट भरत नाही, हे मी तत्त्वज्ञान शिकवूनच सांगतोय.