साहेब, काय खाल्लंत?

पैसे खाणारे सगळीकडेच. पण चॉकलेटपायी पंतप्रधानपद हुकलं, हे माहीत आहे का?

स्वीडन, १९९५. उपपंतप्रधान मोना सालीन पंतप्रधानपदाच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात बातमी फुटली, की बाईंनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केलीय! यादी तशी लांब होती, पण गाजले ते टोब्लेरोनचे दोन बार. शर्यतीतून आउट! (२००७मध्ये आपल्या पक्षाच्या अध्यक्ष झाल्या, ते वेगळं.)

गोडावर घोट हवाच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर बॅरी ओ'फॅरेल २०१४मध्ये चौकशी आयोगापुढे म्हणाले, वाइनची भेट? छे, आठवत नाही. बाटली १९५९ची, किंमत सुमारे ३,००० डॉलर. लगेच त्यांच्याच अक्षरातली थँक-यू नोट सापडली आणि साहेबांनी राजीनामा दिला. शिष्टाचार महागात पडतो, तो असा!

हाँगकाँगमध्ये मात्र कॉफीला घाबरा. गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी १९७३मध्ये घबाड जमवून पसार झाला, लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोग आला. तेव्हापासून 'आयोगाकडे कॉफीला बोलावलंय' म्हणजे चौकशी लागलीय. बिस्किटांची अपेक्षा नको.

अमेरिकेचं सगळं लेखी. तिथल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेट चालते, एकाच माणसाकडून वर्षाला ५०पर्यंत. कॉफी-डोनट तर भेटीत धरतच नाहीत. नियमात डोनट चक्क नावानिशी आहे!

जेवत असाल तर हा पॅरा स्किप करा. लाचखोर न्यायाधीशाची कातडी सोलून राजाने ती न्यायासनावर ताणली आणि त्यावर बसवला त्याचाच मुलगा. ही हेरोडोटसने सांगितलेली इराणी कथा. बेल्जियमच्या ब्रूजमध्ये १४९८साली तिचं चित्र काढून घेतलं, तेही टाउन हॉलसाठी. इंटिरिअर डेकोरेशन!

आपल्याकडे? कौटिल्याने सरकारी पैसा हडपण्याचे ४० प्रकार मोजून ठेवलेत. सिलॅबस जुनाच.

आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) सापळा? नोटांना फेनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. साहेबांनी नोटा घेतल्या, की हात सोड्याच्या पाण्यात बुडवायचे. पाणी गुलाबी, साहेब रंगेहाथ! आता सांगा, हीच पावडर पूर्वी कशात घालायचे? जुलाबाच्या गोळ्यांत! खाल्लेलं बाहेर काढायचा अनुभव तिला जुनाच आहे.