अनुपान, कोको आणि मायक्रोवेव्ह

‘दुधातून द्यावे’ एवढे दोन शब्द औषधपत्रावर लिहिले की आपले कर्तव्य संपले, अशी आम्हां वैद्यांची समजूत असते. ते दूध कोणत्या भांड्यात, कशावर व किती तापले याची चौकशी आम्ही क्वचितच करतो. नेकनूरसारख्या गावात गॅसवरचे पातेले गृहीतच धरलेले असते. परंतु पुण्याला नोकरी करणारी मुले आता दिवाळीला घरी मायक्रोवेव्ह घेऊन येतात, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

एका नऊ वर्षांच्या कृश बालकास आम्ही अश्वगंधा चूर्ण, मध व कोमट दूध अशी योजना दिली. आठ दिवसांनी त्याची आई आली. “डॉक्टरसाहेब, लेकरू चूर्ण तोंडात धरीना, म्हणून कोकोत कालवून दिलं, तर जीभच पोळली बघा.” दूध, कोको, चूर्ण व मध सारे एकत्र करून कप दोन मिनिटे यंत्रात ठेवला होता. कपाचा कान थंड लागला, म्हणून आतील दूधही कोमटच असेल असे तिला वाटले. दोष त्या माउलीचा नव्हता. मध उष्णविरोधी आहे हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आपण सर्वांनी वाचले आहे. तिला ते सांगणे आमचे काम होते.

त्याच सायंकाळी आम्ही स्वतः कोको करून पाहिला. कोकोच्या भुकटीत स्निग्धांश असल्याने ती दुधात सहज भिजत नाही, गुठळ्या होतात. म्हणून एक लहान चमचा कोको व तेवढीच साखर दोन चमचे दुधात आधी खलासारखी घोटावी. मग सुमारे २०० मिली दूध घालावे. कप मोठा, अर्धा रिकामा असावा, नाहीतर दूध उतू जाते. ८०० वॉटच्या यंत्रात ४५ सेकंद, मग ढवळणे, पुन्हा २० ते ३० सेकंद. ढवळणे चुकवू नये. वरचा थर कढत व खालचा कोमट राहतो, मुलाची जीभ पोळली ती त्यामुळेच. चूर्ण त्यानंतर, व मध द्यायचाच तर दूध कोमट झाल्यावर.

आपल्याकडील स्टीलचे पेले व फुलपात्रे यंत्रात चालत नाहीत; सोनेरी काठाचा कपही नको, ठिणग्या उडतात. गवळ्याकडचे कच्चे दूध आधी पातेल्यात नीट उकळलेलेच हवे. यंत्रातील ताप सर्वत्र सारखा नसतो, त्यावर जंतुनाशाची भिस्त ठेवू नये.

‘गरम पाण्यातून’ लिहितानाही सावध असावे. गुळगुळीत कपात नुसते पाणी फार वेळ तापविल्यास ते बुडबुडे न येता उकळबिंदूच्या वर जाऊ शकते. त्यात चमचाभर चूर्ण टाकताच ते उसळून हात भाजतो. कप बाहेर काढल्यावर मिनिटभर थांबावे.

कोको मूळचा अमेरिका खंडातील, त्यामुळे आपल्या निघंटूंत त्याचे गुणकर्म शोधणे व्यर्थ. चवीने तो तिक्त-कषाय आहे. त्यात थिओब्रोमिन व थोडे कॅफिन असते, म्हणून मुलांना तो झोपेच्या वेळी न देता सायंकाळी द्यावा. अम्लपित्ताच्या रुग्णास तो बहुधा सोसत नाही. ऑक्झलेट भरपूर असल्याने मूतखड्याच्या रुग्णास आम्ही तो वर्ज्यच सांगतो. औषधी दुकानदारांनी आणखी एक पाहावे: डब्यावर ‘चॉकलेट पेय’ लिहिलेल्या पुडीत पुष्कळदा कोकोपेक्षा साखरच अधिक असते, मधुमेह्याच्या हाती ती कोको म्हणून जाऊ नये.

आता आमच्या औषधपत्रावर ‘दूध उकळलेले, मग कोमट, चूर्ण नंतर, मध सर्वांत शेवटी’ अशी ओळ असते. ते बालक कोकोतून चूर्ण विनातक्रार घेते. आई आता पहिला घोट स्वतः घेऊन पाहते.