थबकलेले पाऊल

चालणे ही आपणांस फार सोपी गोष्ट वाटते. गिरगावातील चाळींचे जिने मुले धावत उतरतात, दादरच्या पुलावरून माणसांचे लोंढे वाहतात. परंतु पाऊल कसे उचलावे, याचा विचार कोणी करीत नाही. ते काम मेंदू आपल्या नकळत करीत असतो. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. त्यामुळे शरीराच्या हालचाली सहज होतात. या पेशी नष्ट होऊ लागल्या, म्हणजे कंपवात हा विकार जडतो. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. म्हणून त्यास पार्किन्सनचा विकार असेही म्हणतात.

हा विकार बहुधा उतारवयात होतो. अनेकांचे हात कापतात, अंग ताठरते, पावले आखूड पडून जमिनीवर घासू लागतात. कधी कधी तर उंबरठ्याशी येताच पाय जणू खिळून राहतात. पडण्याच्या भयाने कित्येक वृद्ध घराबाहेर जाणे सोडतात, आणि न चालल्यामुळे पायांतील बळ आणखी कमी होते.

या विकारात एक नवल मात्र दिसून येते. सपाट जमिनीवर अडखळणारा मनुष्य जिन्याच्या पायऱ्या पुष्कळदा सहज चढतो. पुढचे पाऊल कोठे टाकावे, हे प्रत्येक पायरी त्याच्या डोळ्यांना दाखविते. आपोआप होणारी हालचाल बिघडली, तरी पाहून, ऐकून व मन लावून केलेली हालचाल मेंदूच्या दुसऱ्या वाटेने घडू शकते.

व्यायामोपचारात याच गोष्टीचा उपयोग करतात. जमिनीवर समान अंतराने पट्ट्या आखून रुग्णास त्या ओलांडावयास सांगतात. लालबागच्या मिरवणुकीत ढोलताशांच्या ठेक्यावर लेझीम खेळणाऱ्यांची पावले जशी जुळतात, तशीच रुग्णाची पावले 'एक, दोन' या मोजणीवर पडू लागतात. आधी टाच टेकणे, हात हालविणे, जागच्या जागी गर्रकन न वळता मोठा वळसा घेणे, हेही शिकवितात. तोल सांभाळण्याचे आणि पायांचे बळ वाढविण्याचे व्यायाम यांचीही त्यास जोड असते.

परळ येथे १९२६ साली सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयात पुढे भौतिकोपचाराचे शिक्षण देणारे विद्यालय निघाले. मुंबईतच २००१ साली 'पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. ती रुग्णांना एकत्र जमवून त्यांच्याकडून व्यायाम करवून घेते. एकट्याला कंटाळवाणा वाटणारा व्यायाम सोबतीने सुखाचा होतो.

व्यायामाने हा विकार समूळ नाहीसा होत नाही. औषधे नियमाने घ्यावीच लागतात. व्यायामात खंड पडला, तर मिळालेला लाभही हळूहळू ओसरतो. म्हणून घरच्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. एखादे आजोबा वाटेत थबकले, तर त्यांना ओढू नये, घाई करू नये आणि हसू तर मुळीच नये. क्षणभर त्यांच्याजवळ उभे राहावे व शांतपणे 'एक, दोन' मोजावे. थबकलेले पाऊल बहुधा पुन्हा उचलले जाते.